देवकुंडला पहिल्यांदा जाताय? वाट, पाणी आणि फोटो, सगळं एकेक करून

जून लागला की मला मेसेज यायला लागतात, "देवकुंडला जाऊया का, पाऊस मस्त पडतोय" आणि मी सगळ्यांना एकच उत्तर देते, दिवाळीनंतर जाऊ. काहींना राग येतो, धबधबा बघायला काय हिवाळ्यात जायचं का म्हणतात. पण मी आतापर्यंत सहा वेळा गेलेय, त्यात एकदा ऐन पावसाच्या तोंडावर, आणि माझ्याकडे भिंतीवर लावण्यासारखे जे तीन फोटो आहेत ना ते तिन्ही नोव्हेंबर-डिसेंबरचे आहेत. तेव्हा पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी एकेक गोष्ट नीट सांगते, कारण वाट फार अवघड नाहीये पण तिथलं पाणी गंमत करण्यासारखं नाही.

आधी हे ठिकाण कुठं आहे ते समजून घ्या

देवकुंड रायगड जिल्ह्यात, माणगाव तालुक्यातल्या भिरा गावाजवळ आहे, ताम्हिणी घाटाच्या पायथ्याला. कुंडलिका नदीचा उगम इथलाच मानतात, तीच कुंडलिका जी पुढे कोलाड, रोहा करत रेवदंड्याला समुद्राला मिळते. कोलाडला जे राफ्टिंग चालतं त्याचं पाणी मात्र मुख्यतः भिऱ्याच्या पॉवरहाऊसमधून सोडलेलं असतं. हे टाटांचं पॉवरहाऊस १९२७ चं, घाटावर मुळशीला धरण बांधून ते पाणी बोगद्यातून आणि पाइपांतून इकडे कोकणात खाली सोडतात आणि त्यावर वीज तयार होते. १९२१ ला सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली जो मुळशी सत्याग्रह झाला तो याच धरणाविरुद्ध, बुडणाऱ्या गावांच्या जमिनींसाठी. पुण्याहून येताना मुळशीच्या पाण्याच्या कडेने येतो आपण आणि तेच पाणी खाली भिऱ्यात परत भेटतं, मला तरी हे आठवल्याशिवाय तो रस्ता पार करता येत नाही.

केव्हा जायचं

पावसाळ्यात बहुतेक वर्षी प्रशासन मनाई आदेश काढतं, पूर्वी ज्याला आपण कलम १४४ म्हणायचो ते आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खाली निघतं. म्हणजे जुलै-ऑगस्टमध्ये तुम्ही गाडी काढून भिऱ्यापर्यंत गेलात तरी पोलीस परत पाठवतील, आणि ते बरोबरच आहे. वाटेत ओढे आहेत, जाताना घोट्याएवढं असलेलं पाणी येताना कमरेच्या वर गेलेलं असू शकतं, कारण तुमच्या डोक्यावर पाऊस नसला तरी वर घाटमाथ्यावर कोसळत असतो आणि ते सगळं पाणी थोड्या वेळात खाली येतं. लोक अडकलेत, वाहून गेलेत, कुंडात बुडालेत, दरवर्षी बातम्या येतात.

आणि फोटोच्या दृष्टीनेसुद्धा पावसाळा फायद्याचा नाही, हे कोणी सांगत नाही. भर पावसात कड्यावरून नुसता पांढरा लोंढा येतो, त्याला आकार नसतो, कुंड गढूळ चहासारखं दिसतं, तुषार इतके की लेन्स पुसून कॅमेरा वर करेपर्यंत परत थेंब. पाऊस ओसरला की पाण्याच्या वेगवेगळ्या धारा सुट्या होतात, मागचा काळा कातळ दिसायला लागतो आणि कुंडाचं पाणी निवळून हिरवट-निळं होतं. देवकुंडचे जे फोटो बघून तुम्हाला जावंसं वाटलंय ते जवळपास सगळे या दिवसांतले आहेत. तेव्हा ऑक्टोबरच्या शेवटापासून जानेवारीपर्यंत जा. फेब्रुवारीनंतर धार बारीक होत जाते आणि उकाडाही असतो, भिऱ्याचं ऊन बेकार आहे.

निघायच्या दोन-तीन दिवस आधी वाट चालू आहे का ते कोणाकडून तरी कन्फर्म करा, परतीचा पाऊस लांबला तर बंदीही लांबते. आणि शनिवार-रविवार शक्यतो टाळा, मंगळवार-बुधवारची एक सुट्टी टाकलीत तर कुंडापाशी अख्खा तास तुम्हाला शांत मिळेल.

पोचायचं कसं

पुण्याहून चांदणी चौक, पौड, मुळशी, ताम्हिणी घाट उतरून विळे आणि तिथून पाटणूसवरून भिरा, साधारण ११० किलोमीटर. मुंबईहून पनवेल, पेण, नागोठणे, कोलाड आणि मग सुतारवाडीकडून विळे, दीडशेच्या वर जातं. मुंबईकरांनी महामार्गाच्या ट्रॅफिकसाठी एक तास जास्तीचा धरा. पेट्रोल आधीच भरा, रोख पैसे ठेवा (पार्किंग, गाईड, जेवण, सगळीकडे ऑनलाइन चालेलच असं नाही कारण रेंज येते-जाते), आणि घरच्यांना सांगून ठेवा की पुढे काही तास फोन लागणार नाही. ही शेवटची गोष्ट लोक हसण्यावारी नेतात पण माझ्या आईने एकदा दुपारी दोनपासून माझा फोन लावायला सुरुवात केली होती आणि संध्याकाळी मी फोन केला तेव्हा ती रडत होती. तेव्हापासून मी निघतानाच "पाच वाजेपर्यंत काळजी करू नकोस, पाचनंतर मात्र करायला लाग आणि या नंबरवर फोन कर" म्हणून गावातल्या गाईडदादांचा नंबर देऊन जाते.

सकाळी सात-साडेसातला भिऱ्यात पोचायचं टार्गेट ठेवा. उशिरा गेलात तर वाटेवर सोडायला गावकरी तयार नसतात, कारण अंधार पडायच्या आत सगळ्यांना बाहेर काढायची जबाबदारी शेवटी त्यांच्यावरच येते.

बॅगेत काय

फार काही नाही. माणशी दोन लिटर पाणी, चिक्की, राजगिऱ्याचे लाडू, केळी, एक जास्तीचा टीशर्ट, टॉवेल, क्रेप बँडेज, आणि रिकामी पिशवी आपला कचरा परत आणायला. बुटांवर मात्र कंजुषी नको. गुळगुळीत झालेले स्पोर्ट्स शूज ओल्या कातळावर साबणासारखे सरकतात. सह्याद्रीत फिरणारे बरेच लोक अ‍ॅक्शन कंपनीचे ट्रेकिंगचे बूट वापरतात, हजार-दीड हजाराच्या आसपास मिळतात आणि त्यांची पकड चांगली आहे, पहिल्या ट्रेकला त्याहून महाग काही घ्यायची गरज नाही. नवे बूट थेट ट्रेकला घालू नका, आठवडाभर घरात-बाजारात वापरून घ्या.

कॅमेऱ्यासाठी: झिपलॉकच्या दोन-तीन पिशव्या, सिलिका जेलच्या पुड्या (बुटांच्या खोक्यात येतात त्या जपून ठेवा), तीन-चार मायक्रोफायबर फडकी, एक जास्तीची बॅटरी, हलका ट्रायपॉड. फडकी तीन-चार का म्हणते, तर एक भिजलं की ते लेन्सवर नुसतं पाणी पसरवतं.

ड्रोन घरीच ठेवा. शेजारी भिऱ्याचं धरण आणि वीजकेंद्र आहे, अशा ठिकाणांभोवती उडवायला बंदी असते. धरण-पॉवरहाऊसच्या बाजूने जातानाही कॅमेरा बॅगेतच राहू द्या.

वाट

गाईड घ्या. मला वाट माहितीये, मॅप डाउनलोड केलाय, सगळं खरं, तरी घ्या. गावातल्या मुलांचं ते उत्पन्न आहे हे एक आणि दुसरं म्हणजे त्यांना पाणी वाचता येतं, जे मॅपला येत नाही. एका ओढ्यापाशी आमच्या दादांनी आम्हाला थांबवलं आणि पाण्यातला एक दगड दाखवला, साधा पाटाएवढा दगड, अंगावर शेवाळ्याची एक रेघ. म्हणाले, "ताई, त्या दगडाचा माथा कोरडा आहे तवर जायचं. माथा भिजला की अलीकडंच बसायचं, पलीकडं असलं तर पलीकडंच बसायचं." येताना मी मुद्दाम बघितलं, माथा कोरडाच होता, पण रेघ पाण्याखाली गेली होती, आणि त्या दिवशी आमच्या डोक्यावर निळंभोर आभाळ होतं. दादांनी काही न बोलता सगळ्यांना पटपट पार केलं.

एका बाजूने पाच-सहा किलोमीटर चाल आहे, फोटो काढत गेलात तर दोन ते अडीच तास. पहिला अर्धा भाग सपाट, धरणाच्या पाण्याच्या कडेने, सकाळी तिथं पाण्यावर धुक्याचा पातळ थर असतो आणि समोर डोंगराची पडछाया, इथे दहा मिनिटं द्या. पुढे जंगल लागतं, सावली दाट होते. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये वाटेवर तोंडाच्या उंचीला मोठ्ठाली सोनेरी जाळी असतात, जायंट वुड स्पायडरची, पुढे चालणाऱ्याने काठी उभी धरून चालायचं म्हणजे ना तुम्ही त्या जाळ्यात जाल ना तिचं घर मोडेल. ओल्या मातीवर ब्लू मॉर्मन बसलेलं दिसलं तर थांबा, काळे पंख आणि त्यावर निळी झाक, आपलं राज्य फुलपाखरू आहे ते, नीलवंत म्हणतात मराठीत. मातीतले क्षार चोखत बसलेलं असतं तेव्हा ते लवकर उडत नाही, हळूच खाली बसून फोनवरही छान फोटो येतो.

शेवटचा टप्पा दगडांचा. इथे घाई नको, प्रत्येक पाऊल टेकवून, भार टाकून मगच दुसरं उचला. कोरडा खडबडीत दगड चालेल, ओला चालेल पण जपून, आणि काळा चकचकीत दगड दिसला तर त्यावर पाय ठेवूच नका. कॅमेरा गळ्यात लटकवून हा टप्पा करू नका, पुढे झुकलं की तो आपटतो आणि हातही मोकळे राहत नाहीत.

पोचल्यावर पहिली पंधरा मिनिटं

बॅग उघडू नका. बसा. घाम वाळू द्या, पाणी प्या आणि बघा. हे मी काही ध्यानधारणा म्हणून सांगत नाहीये, याचा थेट उपयोग आहे. तिन्ही बाजूंनी कडा, वरून धारा येतायत, वारा कुठून येतो आणि तुषार कोणत्या बाजूला जातात ते कळायला एवढा वेळ लागतोच. ऊन कड्यावर कुठवर उतरलंय ते बघा, दरी अरुंद असल्याने तळाशी ऊन उशिरा पोचतं आणि ते पोचायच्या आधीचा वेळ तुमचा सगळ्यात किमती वेळ आहे. कड्याचे थर बघा, लाव्हारसाच्या एकावर एक साचलेल्या थरांचा हा बेसॉल्ट साधारण साडेसहा कोटी वर्षं जुना आहे, कठीण थर टिकतो, मऊ झिजतो, म्हणून पाणी असं एका झेपेत पडतं आणि खाली पडून पडून कुंड खोदतं.

म्हणूनच कुंड मधे खोल आहे, आणि पडणाऱ्या पाण्याखाली प्रवाह माणसाला खाली ओढतो, पट्टीच्या पोहणाऱ्यालाही. दोर लावलेला असेल तर त्याच्या अलीकडे, गाईड जिथे सांगेल तिथपर्यंतच, आणि पोहता येत नसेल तर काठावर पाय सोडून बसा. थेट धारेखाली उभं राहण्याचा मोह टाळा, पाण्याबरोबर वरून दगड येतात. आणि पाणी अचानक गढूळ झालं, काड्या-पानं वाहून यायला लागली किंवा आवाज बदलला तर सामान तिथंच टाकून उंचावर जायचं, ट्रायपॉड परत घेता येतो.

आता फोटो

कॅमेरा असेल तर इथून सुरुवात करा: आयएसओ (कॅमेरा प्रकाशाला किती संवेदनशील ते) १००, अ‍ॅपर्चर एफ ८ ते एफ ११ (लेन्सचं भोक किती उघडं ते), आणि शटर (किती वेळ उघडं राहतं ते) अर्ध्या सेकंदाच्या आसपास. सावलीत हे जमून जातं, ऊन आलं की जास्त प्रकाश होतो, तेव्हा एनडी फिल्टर, म्हणजे लेन्सपुढे लावायची प्रकाश कमी करणारी काळसर काच, लागतो. एकच घ्यायचा तर एनडी ६४ नको, आधी एनडी ८ घ्या, तो तीन स्टॉप प्रकाश कमी करतो (एक स्टॉप म्हणजे प्रकाश निम्मा), म्हणजे १/१५ चं शटर अर्ध्या सेकंदावर येतं. आणि खरं सांगू, पैसे मोजकेच असतील तर एनडीच्या आधी पोलरायझर, म्हणजे चमक कापणारा, फिरवता येणारा फिल्टर. ओल्या कातळावरची, पानांवरची, पाण्यावरची चमक तो काढून टाकतो आणि कुंडाचा तळ दिसायला लागतो, वर दीड-दोन स्टॉप प्रकाशही खातो म्हणजे अर्धं एनडीचं काम फुकटात. डोळा लावून हळूहळू फिरवत राहा, एका जागी हिरवा रंग एकदम गडद होतो, तिथं थांबा.

सगळे दहा-दहा सेकंदांचं शटर ठेवतात आणि धबधब्याचं दूध करून टाकतात. मला ते पटत नाही, पाण्याला वजन आहे, ते फोटोत दिसायला पाहिजे. १/४ ते एक सेकंद यात धारांचे धागे राहतात. उलट थेंब गोठवायचे असतील, कोणी पाणी उडवतंय असा फोटो हवा असेल, तर १/५०० किंवा त्याहून जलद, आणि मग आयएसओ वाढला तर वाढू दे. लांब शटरची खरी मजा कुंडाच्या काठाला आहे, तिथं फेस आणि वाळकी पानं गोल फिरत असतात, ट्रायपॉड अगदी खाली लावून, बारा-पंधरा सेकंद शटर उघडं ठेवलं की त्या फेसाची वर्तुळं उमटतात, रांगोळीच्या ठिपक्यांभोवती बोट फिरवल्यासारखी. डोळ्याला हे दिसतच नाही, कॅमेऱ्यालाच दिसतं.

नवीन लोकांचा हमखास होणारा घोळ म्हणजे पाणी जळून जातं. फ्रेममध्ये काळा कातळ जास्त, त्यामुळे कॅमेऱ्याला वाटतं अंधार आहे, तो उजेड वाढवतो आणि पांढरं पाणी सपाट कागद होऊन जातं. एक्सपोजर कॉम्पेन्सेशन (फोटो एकूण किती उजळ हवा ते सांगणारी सेटिंग) उणे ०.७ किंवा उणे एक करा. काळोखा भाग नंतर एडिटमध्ये उजळता येतो, जळलेलं पांढरं परत येत नाही. रॉमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमध्ये काढा. व्हाइट बॅलन्स (फोटोतला रंगांचा तोल) ऑटोवर निळसर जातो सावलीत, क्लाउडी करून बघा.

ट्रायपॉड वाहत्या पाण्यात उभा केला तर पायांत कंप येतो, शक्यतो दगडावर लावा, मधला दांडा वर करू नका, दोन सेकंदांचा टायमर लावा.

फक्त फोन आहे? काही बिघडत नाही. आयफोनवर लाइव्ह फोटो चालू ठेवून काढा, तीन सेकंद हात हलवू नका, कोपरं छातीला टेकवा किंवा फोन दगडाला टेकवा, नंतर त्याच फोटोत जाऊन लाँग एक्सपोजर निवडा. पिक्सेल ६ पासून पुढच्या फोनमध्ये लाँग एक्सपोजर थेट कॅमेऱ्यातच आहे. बाकी अँड्रॉइडला प्रो मोड असतो, पण उन्हात तिथं शटर लांब केलं की सगळं पांढरं होतं कारण फोनचं अ‍ॅपर्चर बहुतेकदा बदलत नाही, म्हणून सावली असतानाच काढून घ्या. पोलराइज्ड गॉगल असेल तर त्याची काच फोनच्या लेन्सपुढे धरून फिरवा, पाण्यावरची चमक खरोखर जाते, रंगात थोडा फरक पडतो तो नंतर सुधारा. आणि स्क्रीनवर पाण्याच्या पांढऱ्या भागावर बोट दाबून ठेवा, एक्सपोजर लॉक झालं की उजेड थोडा खाली ओढा. फोनवाल्यांचे निम्मे फोटो एवढ्यानेच सुधारतात.

फ्रेममध्ये एक माणूस ठेवा, लहानसा, काठावर, लाल किंवा पिवळ्या कपड्यात. त्याशिवाय कडा किती मोठा आहे ते बघणाऱ्याला कळत नाही. पण त्याला कॅमेऱ्याकडे बघायला सांगू नका, धबधब्याकडे बघू दे.

इंद्रधनुष्य हवं असेल तर सूर्य पाठीशी आणि तुषार समोर, एवढं जुळवायचं. सूर्य जितका वर तितकं धनुष्य खाली जातं, साधारण ४२ अंशांच्या वर गेला की ते फक्त तुमच्या नजरेच्या खालच्या तुषारांतच दिसतं, म्हणून ऊन तळाशी आलं की पाण्याच्या जवळ, खालच्या बाजूला बघा, वर शोधत बसू नका. मला एकदाच मिळालं, पाच-सात मिनिटं टिकलं असेल. पोलरायझर लावलेला असेल तर फिरवत बघा, एका बाजूला धनुष्य पूर्ण गायब होतं आणि दुसऱ्या बाजूला गडद.

परत

कितीही उशिरा पोचला असाल तरी दुपारी एक-दीडला उठायचं. कॅमेरा बॅगेत ठेवताना आधी कोरडा पुसा, मग झिपलॉकमध्ये सिलिका जेलसकट, आणि गाडीत एसी लावला तर पिशवी लगेच उघडू नका, थंड झालेली लेन्स बाहेरच्या दमट हवेत काढली की आतून-बाहेरून धुकं धरतं. घरी गेल्यावर सगळं उघडून पंख्याखाली रात्रभर.

भिऱ्यात घरगुती जेवण मिळतं, तांदळाची भाकरी, पिठलं किंवा चिकन, वरण-भात, सोबत कांदा. आम्ही जिथं जेवतो त्या काकू चुलीवर भाकरी करतात आणि पाण्याचा हात फिरवून ती तव्यावर टाकतात तेव्हा येणारा तो वास दहा-बारा किलोमीटर चालून आल्यावर आणखीच खोल जातो. फक्त किती माणसं आहात ते सकाळी वर जायच्या आधीच त्यांना सांगून जा, ऐनवेळी येणाऱ्यांना भाकऱ्या पुरत नाहीत.